न उठलेली पंगत

१

सकाळी मी आधी चुली बघतो, मग स्वामींच्या गद्दुगीला, म्हणजे समाधीला, हात जोडतो. कोणी त्यावरून बोललं तर मी उत्तर देत नाही. स्वामी असते तर त्यांनीही आधी चुलीच बघितल्या असत्या.

माझं नाव शिवशंकरप्पा. निंबर्ग्याच्या पुढे आमचं गाव, गावात मठ, आणि मठाचा दासोह माझ्याकडे. दासोह म्हणजे दुपारी जो येईल त्याला जेवण. त्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, जात तर नाहीच. पंगत बसली की शेवटच्या माणसाचं पोट भरेपर्यंत कोणी उठत नाही. मी ‘शरणु’ म्हटलं की सगळे एकदम उठतात. मग वाढणारे जेवतात, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. दिवसातून तेवढंच एक जेवण. माझ्या वडिलांचंही असंच होतं. माझ्या हयातीत या दारातून उपाशी कोणी परत गेलेला नाही. मी हे सांगतो तेव्हा लोकांना फुशारकी वाटते. वाटू दे.

मठात फक्त आमटी, भात आणि हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली गव्हाची खीर, शिजते. भाकऱ्या गावातल्या घराघरांतून फडक्यात बांधून येतात. ही रीत जुनी आहे. पण रस्ता चांगला झाला आणि माणसं वाढली. अफजलपूरकडून, आळंदकडून, पार सोलापूरहून गाड्या यायला लागल्या. मी मोठी भट्टी बांधायचं ठरवलं.

तेव्हा माझी नात सुधारानी बंगळूरहून आली होती. ती तिकडे कंप्युटरचं काम करते. मोठ्या कंपन्यांची मशिनं बंद पडू नयेत, आणि गर्दी वाढली तरी पुरी पडावीत, अशी मांडणी करून देते.

“अज्जा, मोठी भट्टी कामून बांधायलाव?” ती म्हणाली. “ती एक विझली की सगळंच विझतंय. घराघरांतल्या बारक्या चुली जोडा. एक थकली तर दुसरी हाय. माणसं वाढली तर आणखी एक जोडायची.”

“जोडायला त्या काय बैल हायत?” आमचा आचारी ईरण्णा म्हणाला.

पण तिनं जोडल्या. आत यायच्या दारावर कॅमेरा, बाहेर जायच्या दारावर कॅमेरा. दोन्ही डोकी मोजतात. स्वयंपाकघरात बोर्ड लावला, त्यावर आत किती आले आणि बाहेर किती गेले ते दिसतं. आत माणसं वाढली की घराघरांतल्या फोनवर निरोप जातो, भाकऱ्या पाठवा. आमचं गाव पुरं पडलं नाही तर खजुरीला निरोप जातो. मोजणारी एक पेटी ऑफिसात, दुसरी माडीवर. एक पडली तर दुसरी काम उचलते.

भांडण एकाच गोष्टीवर झालं.

“मशीनला ‘पुरे’ म्हणता आलं पाहिजे, अज्जा. एवढी माणसं झाली की दार बंद. जे मशीन कुणालाच न्हाई म्हणत न्हाई, ते एक दिवस सगळ्यांनाच उपाशी ठेवतंय.”

“ते तुझ्या कंपनीत. इथं न्हाई हा शब्द न्हाई.”

“तो शब्द सगळीकडं लागतो.”

“मग बंगळूरला ठेव.”

ती हसली नाही. पण ऐकलं माझंच. मर्यादा न घालता मशीन बांधलं.

२

मशीन चांगलं चाललं. फार चांगलं चाललं.

एकदा उंदरांनी वायर कुरतडली आणि ऑफिसातली पेटी मेली. आम्हाला ते दुपार उलटल्यावर कळलं. तोवर पंगत जेवून गेली होती, एक भाकरी कमी पडली नव्हती. माडीवरच्या पेटीनं आवाज न करता सगळं सांभाळलं होतं. आजूबाजूच्या मठांची माणसं बघायला आली. मी त्यांना दोन्ही पेट्या दाखवल्या. कोणी केलं म्हणून विचारलं की मी सांगायचो, माझ्या नातीनं.

त्याच सुमाराला एका दुपारी मी ‘शरणु’ म्हटलं, पंगत उठली, दालन झाडून झालं. मी हात धुऊन ताटावर बसणार, तेवढ्यात बोर्डाकडे लक्ष गेलं. आत आलेले एकानं जास्त होते. बाहेर गेलेले एकानं कमी.

मला शाळा कमी, पण आकडे वाचता येतात.

“ईरण्णा, आत कोण ऱ्हायलंय का?”

“मांजर असंल.”

“मशीन डोकी मोजतंय. मांजर न्हाई.”

“मग मांजराला डोकं नसतंय व्हय?”

मी जाऊन बघितलं. आमचं दालन लांब आहे. शहाबादी फरशी, दोन्ही बाजूंना दगडी खांब, वर बारक्या खिडक्या. मी प्रत्येक खांबामागे बघितलं. कोणी नव्हतं. फरशी नुकतीच पुसलेली, ओली.

बोर्डाच्या हिशेबानं पंगत उठली नव्हती. डोळ्यांच्या हिशेबानं उठली होती. मी डोळ्यांचं ऐकलं आणि जेवलो. घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी फरक वाढला. मग रोज वाढत गेला. बोर्ड रोज पुसायचा नाही हे मीच सुधारानीला सांगितलं होतं. दिवस बदलला म्हणून आत बसलेला माणूस नाहीसा होत नाही.

आणि एक दिवस भाकऱ्या मोजून घेणारी दानम्मा म्हणाली, “अण्णा, म्हशीला खरकटं न्हाई.”

“कामून?”

“काहीच उरत न्हाई. बोर्ड सांगतंय तेवढं आपण रांधतो. जेवताना दिसायलेत त्याहून लई रांधतो. उराया पाहिजे का नको?”

मी भांडी बघितली. पातेल्यांचे तळ चाटून पुसल्यासारखे होते.

३

सुधारानीला बोलावलं. तिनं येऊन कॅमेरे बदलले. पट्ट्या लावून दारं अरुंद केली, म्हणजे एका वेळी एकच माणूस जाईल. एका दुपारी ती स्वतः दारात स्टूल टाकून बसली आणि हातानं मोजत राहिली. तिच्या मोजणीत आत गेलेले आणि बाहेर आलेले सारखे भरले. बोर्डावर भरले नाहीत.

“मग मशीन चुकायलंय,” ईरण्णा म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती.

“दोन पेट्या हायत, मामा. दोघी वेगवेगळ्या मोजतात. एक चुकली तर दुसरीशी जुळणार न्हाई.”

“आणि जुळायलंय?”

“रोज.”

तिनं बंगळूरहून तिसरी पेटी मागवली. दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या माणसांनी बांधलेली. पहिल्या दोघींशी तिचा काही संबंध ठेवला नाही. दोघी चुकत असतील तर ही खरं सांगेल, असं तिचं म्हणणं होतं. मला ते पटलं. आमच्याकडे बांधाचं भांडण झालं की तिसऱ्या गावचा पंच आणतात.

तिसऱ्या पेटीनंही तोच आकडा दाखवला.

सुधारानी दारावरचं चित्रण बघायला बसली. मी शेजारी होतो. पंगत सुटल्यानंतरचं दालन फोनच्या पडद्यावर दिसत होतं. झाडणारी बाई सोडली तर रिकामं. तिनं ते पुढे नेलं, मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं. मग एकदम फोन पालथा ठेवला.

“काय दिसलं?”

“काही न्हाई.”

“मग पालथा कामून ठेवलास?”

“अज्जा, झाडणारी बाई दालन झाडायलीय. सरळ झाडत जायला पाहिजे ना? ती सरळ जाईना. थोडं झाडतीया, वळतीया, परत थोडं झाडतीया. जसं काही…”

मी त्या बाईला नंतर विचारलं, तू अशी वाकडी का झाडतेस. ती म्हणाली, मी सरळच झाडते, अप्पा.

४

यानंतर मशीन ज्या रीतीनं वाढलं ते मी अभिमानानंच सांगणार. दुसऱ्या कोणाचं असतं तर मोडून पडलं असतं.

आमच्या गावच्या भाकऱ्या पुरेनात, तेव्हा खजुरी जोडली गेली. खजुरी पुरेना, तेव्हा निंबर्गा. तिथल्या बायांना मी ओळखतही नव्हतो. फोनवर निरोप गेला की टेम्पोतून गाठोडी यायची. कोणाची चूल आजारपणानं बंद असली की निरोप आपोआप शेजारच्या घरी जायचा. एका घराला रोज त्रास होऊ नये म्हणून पाळी लागायची. एकही बाई कुरकुरली नाही. दासोहाला भाकरी नाकारायची नसते. पंगतीत दिसणारी माणसं मात्र पूर्वीइतकीच होती.

मी जेवायचं बंद केलं होतं.

याला उपास म्हणू नका. उपास माणूस स्वतः धरतो. शेवटचा माणूस उठल्यावर मी जेवायचं, हा नियम. शेवटचा माणूस उठला नव्हता. एक पेटी म्हणाली असती तर मी डोळ्यांचं ऐकलं असतं. तीन म्हणत होत्या. मी पाणी प्यायचो आणि गुळाचा खडा तोंडात धरायचो. किती दिवस ते मोजत बसलो नाही.

दानम्मानं सुधारानीला सांगितलं. ती तरातरा आली.

“अज्जा, जेवला न्हाईत?”

“पंगत उठली न्हाई.”

“कोण बसलंय आत? दाखवा मला, कोण बसलंय!”

“दासोहात कोण म्हणून विचारायचं नसतं.”

“अंगावर सदरा लोंबायलाय तुमच्या.”

“सदरा माझा हाय.”

ती खाली बसली. माझ्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. लहानपणी काही मागायचं असलं की अशीच करायची.

“मीच बांधलं हे,” ती म्हणाली. “मी बांधलेलं मशीन तुम्हाला मारायलंय.”

“तू बांधलेलं मशीन एक माणूस विसरत न्हाई,” मी म्हणालो. “माझ्या बापालाही हे जमलं नव्हतं.”

५

मी दालनात एकटा गेलो. भर दुपार होती. पंगत सुटून गेलेली, झाडून झालेलं. खिडक्यांतून उन्हाच्या पट्ट्या फरशीवर पडल्या होत्या. बाहेर गाडी वळवताना कोणीतरी कोणाला शिव्या देत होतं. दार ओढून घेतल्यावर तो आवाज बंद झाला.

मी अनवाणी होतो. मठात सगळेच अनवाणी असतात. शहाबादी फरशी दुपारीही गार असते. मी गार फरशीवर पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला फरशी ऊन लागली.

ऊन पडलेली जागा ती नव्हती. सावलीतली होती.

मी खाली वाकून तळवा लावला. पाटाएवढी जागा कोमट होती. माणूस बराच वेळ बसून उठल्यावर सतरंजी जशी लागते, तशी. तिच्या बाजूला हात सरकवला, गार. आणखी थोडा सरकवला, पुन्हा कोमट. पंगतीत दोन माणसांच्या मांड्यांमध्ये जेवढं अंतर आम्ही सोडतो, तेवढंच अंतर.

मी त्या ओळीनं तळवा टेकत गेलो. म्हातारपणी बुद्धी असे खेळ करते, आणि उपाशी पोटी जास्तच करते. मला हे ठाऊक आहे. म्हणून मी उठून दुसऱ्या ओळीत गेलो. तिसऱ्या ओळीत गेलो. मग भिंतीकडे गेलो, जिथे आम्ही कधीच पंगत बसवत नाही, कारण तिथे वाढपी फिरतात.

तिथेही फरशी कोमट होती. जागा पुरत नव्हती म्हणून ते तिथपर्यंत बसले होते.

मग आवाज आला. भाकरी मोडल्याचा. ज्वारीची भाकरी कडक झाली की मोडताना जसा बारीक आवाज करते, तसा. एकच. आणि नंतर सगळीकडे शांत, जसं एखाद्यानं चुकून आवाज केला आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघितलं.

मी दार उघडून बाहेर आलो. धावलो नाही.

६

“आता माझं ऐका,” सुधारानी म्हणाली. तिनं स्वयंपाकघरात बोर्डाशेजारी एक लाल बटण बसवलं होतं. रात्रभर जागल्यासारखे तिचे डोळे दिसत होते. “हे ‘पुरे’ हाय. हे दाबलं की मशीन आत असलेल्यांना सोडून देतं. जे आत हायत त्यांचा हिशेब संपला. बोर्ड कोरा होतो, दार बंद होतं. मग तुम्ही जेवा. उद्यापासून मर्यादा लावून नवं सुरू करू.”

“सोडून देतं म्हणजे?”

“म्हणजे त्यांना धरत न्हाई. ते नसल्यासारखं.”

“आणि ते उपाशी असले तर?”

“अज्जा, तुम्ही मराल!”

दानम्मा भाकऱ्या मोजायची थांबली. मी त्या पोरीकडे बघितलं. तिचं काम चोख होतं आणि तिचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. पण पंगतीला बसलेल्याला ताटावरून उठवणारा माणूस आमच्या घरात झालेला नाही.

“आज गेट लावा,” मी म्हणालो. “बाहेरच्यांना अंगणात वाढा. आतल्यांना मी वाढतो. एकेकाला, माझ्या हातानं. पोट भरलं तर उठतील.”

“मी न्हाई येणार आत,” ईरण्णा म्हणाला.

“तुला बोलावलं कोणी?”

ताटं दालनात मांडून घेतली. भिंतीपर्यंत. हुग्गीची बादली घेऊन मी आत गेलो. आमच्याकडे पोट भरलेला माणूस बोलत नाही, ताटावर आडवा हात धरतो. वाढणारा तो हात बघून पुढे जातो. मी पहिल्या ताटात वाढलं, थांबलो, हाताची वाट बघितली. हात आला नाही. पुढच्या ताटात वाढलं. एक ओळ संपवून मागे बघितलं, तर मागची ताटं रिकामी होती. चमच्यानं खरवडल्यासारखी कोरडी.

मी परत पहिल्यापासून वाढलं. बादल्या दारापाशी येत होत्या, दानम्मा डोळे मिटून आत सरकवत होती. माझे खांदे भरून आले. पण सांगतो, त्या वेळी मला भीती वाटली नाही. एवढी मोठी पंगत माझ्या बापानं वाढली नव्हती. त्याच्या बापानंही नाही. मला ताठ चालावंसं वाटत होतं.

शेवटच्या ओळीच्या टोकाला, खांबाच्या सावलीत, शेवटचं ताट होतं. मी वाढायला वाकलो आणि ताटाच्या बाजूला हात दिसला.

मनगटापर्यंतच बघितला. त्याच्या पुढे सावली होती, आणि मी त्या सावलीत बघितलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात होता. बोटांना हुग्गी लागलेली. मला वाटलं, आता तो ताटावर आडवा होईल. तो झाला नाही. तो बाजूच्या रिकाम्या फरशीवर गेला आणि त्यानं तिथे हळूच दोनदा थोपटलं. घरच्या माणसाला जवळ बसायला सांगताना थोपटतात तसं.

“वाढणारा बसत न्हाई,” मी म्हणालो.

मी बसलो नाही. हे मी गद्दुगीवर हात ठेवून सांगतो.

७

मी बाहेर जायच्या दारानं बाहेर आलो. सुधारानी बोर्डासमोर उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

“अज्जा, परत एकदा जाऊन या. आत यायच्या दारानं जा, ह्या दारानं या.”

मी गेलो आणि आलो.

“ईरण्णा मामा, आता तुम्ही.”

ईरण्णा दारातून आत गेला आणि बाहेर जायच्या दारातून जवळजवळ पळतच बाहेर आला. आतला आकडा एकानं चढला, बाहेरचा एकानं चढला. मी स्वतः बघितलं. मग तिनं मला पुन्हा पाठवलं. मी आत गेलो, आतला आकडा हलला नाही. मी बाहेर आलो, बाहेरचा हलला नाही. मी दारात उभा राहिलो, कॅमेऱ्याकडे तोंड करून, फेटा सारखा करून. तिन्ही पेट्यांना मी दारात आहे हे मान्य नव्हतं.

“जेवा, अण्णा,” दानम्मा म्हणाली. तिनं घाईघाईनं ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं. तिला वाटलं असेल, पोटात अन्न गेलं की सगळं ठीक होईल.

मला भूक नव्हती. पोट जड होतं. जिभेवर हुग्गीचा गूळ होता.

सुधारानीला ते माझ्या तोंडावरून कळलं असावं. ती वळली आणि तिनं लाल बटणावर बोट ठेवलं. मी अडवलं नाही. मी दमलो होतो, आणि पोरगी मोठी झाली आहे, तिचं तिला कळतं. तिनं दाबायला बोट टेकवलं आणि मग बोर्ड वाचला. आत असलेल्यांना सोडून देतं, असं तिनंच मला सांगितलं होतं. ते नसल्यासारखं.

तिचं बोट तिथेच राहिलं. बराच वेळ.

“मी आत हाय का गं?” मी विचारलं.

ती रडायला लागली. मग तिनं बोट काढलं.

त्याच वेळी दानम्माच्या कमरेचा फोन वाजला. पाठोपाठ बाहेर ओट्यावर कोणाचा तरी, मग गल्लीत. उद्याच्या भाकऱ्यांचे निरोप निघाले होते. आमचं गाव, खजुरी, निंबर्गा, आणि त्याच्या पुढे अफजलपूरच्या वाटेवरची गावं, जी कालपर्यंत जोडलेली नव्हती. दानम्मानं निरोप वाचला, डोळे पुसले आणि ती पीठ मळायला घरी गेली.

एकाही घरानं नाही म्हटलं नाही.